ऑर्डर नंबर दोनशे चौदा

देशाचं नाव आमच्यात कुणालाच नीट म्हणता येईना,
म्हणून आम्ही त्याला दोनशे चौदा म्हणायचो.
तेवीस जर्सी, तेवीस हाफ पँट,
मोजे त्यांचे तेच बघणार.

धोबीतलावच्या गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर आमचा कारखाना.
पेरेरासाहेबांनी नकाशावर बोट फिरवत फिरवत
निळ्यात एक ठिपका दाखवला.
माशी बसली असेल, इद्रिस मास्तर म्हणाले,
आणि नखानं खरवडून पाहिलं.
निघाला नाही.

माणसं सगळी मिळून नऊ हजार.
आमच्या कोळीवाड्याच्या मतदारयादीत याहून जास्त निघतील,
मेलेले धरून.

रंगासाठी त्यांनी झेंड्याचीच एक पट्टी पाठवली होती,
खाऱ्या वाऱ्यानं विटलेली.
मास्तरांनी कळवलं, हा हिरवा मूळचा की उतरलेला?
आठ दिवसांनी उत्तर: उतरलेलाच द्या.
मूळचा आता कुणाला आठवत नाही.

मापांच्या कागदावर कामधंदाही लिहिला होता,
कुणी विचारला नसताना.
एक नंबर सुतार, गोलमध्ये उभा राहतो.
चार नंबर मास्तर, फक्त शनिवारी मोकळा.
पाच आणि सहा सख्खे भाऊ,
दोघांच्या जर्सी वेगवेगळ्या पिशव्यांत भराव्यात, ही विनंती.
नऊ नंबर अजून शाळेत, आईची सही जोडली आहे.
अकरा नंबरपुढे मापच नाही.
बोटीवर आहे. आला तर.

तो आला आमच्याकडेच.
त्याची बोट लागली होती इंदिरा डॉकला,
हातात चिठ्ठी, घामानं पत्ता पुसट झालेला,
जिना चढून दारात उभा, चपला काढू की नको.
बोटीवरची हिंदी बोलायचा,
शिव्यांपासून शिकत वर आलेली.
मी टेप लावली. छाती छत्तीस. खांदा एक खाली, एक वर.
दोर ओढून, तो म्हणाला.
ठाऊक आहे, मी म्हटलं. माझ्या बापाचाही तसाच.

मग मैदानाचं निघालं.
उतारावर आहे, म्हणाला, खालचा गोल थेट पाण्याच्या अंगाला.
जोरात मारला की चेंडू समुद्रात.
म्हणून दर खेळाला एक पोर होडीत बसवतात,
चेंडू आणून द्यायला.

टेप माझ्या हातात तशीच राहिली.
वरळीच्या किल्ल्यामागे आमचे भाऊ खेळायचे तेव्हा
होडीत मी असायचे.
मुलींच्या वाट्याला तेवढाच खेळ.
वल्ह्यानं चेंडू जवळ ओढायचा, फ्रॉकला पुसायचा,
आणि परत फेकण्याआधी
दोन श्वास
नुसता मांडीवर धरून बसायचा.
वरून ओरडत असायचे, ए हेमे, टाक ना!

त्या पोराचं नाव काय, मी विचारलं.
पोरगी आहे, तो म्हणाला. यादीत नाही ती.

रात्री उरलेल्या कापडात एक जर्सी बसवली,
बाही जोडाची, गळ्याची पट्टी दुसऱ्या ऑर्डरची.
पाठीवर कुठला आकडा टाकावा ते सुचेना,
तशीच कोरी ठेवली.
पेरेरासाहेबांनी गठ्ठा मोजला. चोवीस.
माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं,
पुन्हा मोजला,
आणि बिलावर तेवीस लिहिले.

दोन महिन्यांनी निरोप आला. घरच्याच मैदानावर
पहिला सामना, शेजारच्या बेटाशी.
हरले. सात शून्य.
कारखान्यात मशिनं जरा थांबली.
कुठे उसवलं का? मास्तरांनी विचारलं.
तसं काही लिहिलेलं नाही.
मग झालं, ते म्हणाले, आणि कात्री उचलली.

चेंडू किती वेळा पाण्यात गेला,
तेही लिहिलेलं नव्हतं.