काउंट किती

सदाशिवगडच्या पुलाखाली
कुजक्या होडीच्या फळीवरचं बुळबुळीत
खरवडून घेतलं बाटलीत,
बाटली रुमालात, रुमाल डब्याच्या पिशवीत,
आणि कारवार-बेळगाव गाडीत
घाटभर मांडीवर समुद्र.
खानापुरात कंडक्टरनं विचारलं, तूप काय?
मी म्हटलं, विणकर. असले तर.
त्यानं सुट्टे पैसे दिले आणि पुढे गेला.

आता ते इथे, दुसऱ्या मजल्यावर,
काचेच्या पसरट भांड्यांत.
त्यांच्यासाठी मी रोज मीठ तोलते,
संकेश्वरच्या गुऱ्हाळातली काकवी
तीनदा गाळते.
खारट आणि गोड एका पातेल्यात,
घरी केलं असतं तर आईनं पळीच उगारली असती.

पहिले पाच महिने नुसता शेंबूड.
हट्टीहोळी मॅडम त्यांच्या वहीत लिहायच्या, इल्ल.
मी माझ्या वहीत, नाही.
मग एका रात्री शेकर बिघडला,
दुरुस्तीवाला हुबळीहून येईतो आठवडा गेला,
आणि तेवढ्यात कळलं
की त्यांना हलवलेलं खपत नाही.
दारावर दोन्ही लिप्यांत पाटी लावली.
गंगव्वाला एकही वाचता येत नाही,
पण आत तान्हं निजलंय अशा पावलांनी
ती फरशी पुसते.

अकराव्या दिवशी साय धरली.
मी साय म्हटलं, मॅडम केने म्हणाल्या,
आणि चिमट्यानं उचलली तर
अख्खी चकती, ओली, थरथरती,
भांड्याच्या मापाची.
केसाचे उभे हजार भाग केले
तर त्यातला एक, एवढा बारीक धागा
एकेकानं अंगाच्या कडेनं सोडलेला.
आवाज नाही. धोटा नाही.
मला त्या खोलीत नीट श्वास घेता येईना.

कारण घर माझं वडगावात.
चार माग आणि मध्ये एक भिंत.
पाढे मी ओरडून पाठ केले.
भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून सरकायचं,
महिन्यातून एकदा सरळ करायचं,
आणि अण्णांचा डावा कान
मी चौथीत असतानाच गेला.

एका मंगळवारी, लाइट नव्हती म्हणून,
ते आले. चपला जिन्यातच काढल्या.
चकती चिमटीत धरून चोळली,
मागावरून उतरलेला पहिला फूट चोळतात तशी.
काउंट किती?
काउंटात बसत नाही, अण्णा.
ताणा कुठला, बाणा कुठला?
तसलं काही नाही. सगळे सगळीकडून विणूलालेत.
तुटला तर सांधणार कोण?
मी मॅडमकडे बघितलं. मॅडम कॅलेंडरकडे.
आणि काठ?
बिनकाठाचं कापड असतंय होय?

मग मी नको ते सांगितलं.
की हे कॉस्टिकमध्ये उकळायचं.
आतले सगळे मरतात,
तेव्हा कुठे पांढरं होतं,
उद्या कुणाच्या भाजलेल्या कातडीवर
ठेवण्याजोगं. जमलं तर.
रेशमाचं तसंच की, अण्णा म्हणाले,
आणि खिडकीतून बराच वेळ
खाली स्कूटर लावणाऱ्या माणसाकडे बघत राहिले.
जाताना वाळलेला एक तुकडा मागून घेतला,
बिलबुकाच्या दोन पानांत ठेवला.

रात्री अडीचला पुन्हा लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले
आणि मी दचकून उठले,
आमच्याकडे शांततेनंच जाग येते.
माजघरात मोबाइलचा उजेड.
तुकड्यावर धागे मोजायची काच टेकवून
अण्णा त्यात गाठ शोधत होते.
एखादी तरी असेलच की नाही,
एवढे हात लागलेत.

सापडली का, मी विचारलं, उजव्या कानाशी वाकून.

हलू नको, ते म्हणाले.