पाचदा शिफ्ट

वाद्स्योच्या ग्रंथालयात, वर्तमानपत्रांच्या रॅकला पाठ लावून
एक संगणक बसलेला असतो, कुणाचाच नसलेला.
नोव्हेंबर सरता सरता सूर्य जानेवारीपर्यंत रजेवर गेला
त्याच आठवड्यात नगरपालिकेनं मला धाडलं:
बंदोबस्त कर.

केला.
उजवी क्लिक काढून घेतली, लहान मुलाच्या हातून कात्री घ्यावी तशी.
कंट्रोल पॅनेल झाकलं. पेनड्राइव्हला मज्जाव.
सी ड्राइव्ह असा दडवला
की तो आहे, हे मलाच आठवावं लागे.
पत्त्यांचा डावही उडवला,
तर खेकड्यांच्या बोटीवरून निवृत्त झालेला ओद्मुन
तीन दिवस पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसला
आणि चौथ्या दिवशी घरून खराखुरा कॅट घेऊन आला,
कीबोर्ड बाजूला सारला,
डाव तिथंच मांडला.

रात्री आठला यंत्र स्वतःला पुसून घेतं.
अर्धे भरलेले अर्ज, दबकत शोधलेली दुखणी,
कुणी कुणाला लिहून न धाडलेलं काही,
सगळं जातं.
सकाळी पुन्हा तीच निळी भिंत, कोरी, निगरगट्ट.
नावात खिडक्या, आणि मी सोळा वर्षं
त्यांना गज बसवत फिरतोय.
वाईट वाटून घेत नाही.
एका म्हातारीचं बँकेचं खातं इथं उघडं राहिलं होतं
आणि तिच्या पेन्शनवर कुणीतरी टायर मागवले होते, चार.

डिसेंबरात राग्नफ्रीदचा फोन, ग्रंथपालाच्या हळू आवाजात:
खालच्या कोपऱ्यात काहीतरी उगवतं रे,
रात्री जातं, दुपारी परत.

नोंदी चाळल्या. रोज सव्वातीन. शाळा सुटल्यावर.
शिफ्ट, पाचदा.
ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ठेवलेली सोय ती:
पाचदा दाबा, एक चौकट येऊन विचारते, मदत हवी का,
चौकटीच्या तळाशी एक निळी ओळ,
ओळीच्या मागे अख्खं घर.
पुढचं दार लावलं होतं मी, मागचंही लावलं होतं,
दयेची फट तेवढी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला मी रॅकमागे, मासळीचे भाव वाचत.
पोरगं अकराएक वर्षांचं. फिल्मोन. टोपीवर बर्फ.
शेजारी आई, कोटाची बटणं न काढता.
टप टप टप टप टप.
हात काही थरथरत नव्हते त्याचे.
नऊ सेकंदांत तो माझ्या सोळा वर्षांतून आरपार गेला.
म्हटलं, आता खेळ उतरवणार.
तो भाषांच्या यादीत शिरला, तिग्रिन्या जोडली,
आणि उठून आईला खुर्ची दिली.

लेतेब्रहान दोन बोटांनी लिहू लागली.
अक्षरं एकेक उभी राहिली,
कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी एक पाय उचलून,
एखाद्या लग्नघराच्या दारात असावीत तशी.
मला एकही वाचता येईना. तेच बरं.
आठला हे पुसलं जाणार, तिला ठाऊक असावं:
एक पान छापलं, चार क्रोन मोजून ठेवले,
घडी घालून कोटात.

अहवालात लिहिलं: त्रुटी सापडली, बंद केली.
खोटं नाही. चौकट राहू दिली,
ओद्मुनचे हात आताशा पत्ते पिसताना हलतात,
तळाची ओळ तेवढी कापली.
मग परवानगीच्या यादीत
नॉर्वेजियन, उत्तर सामी, फिनिश यांच्याखाली
चौथी ओळ घातली.
कारणाच्या रकान्यात: वापरकर्त्यांची मागणी.

गुरुवारी तो आला. पाचदा दाबलं.
चौकट आली, ओळ नाही.
मग नजर कोपऱ्यात गेली. तिथं त्याची भाषा आधीच येऊन बसलेली.
आनंद झाला असेल नंतर.
आधी मात्र तोंड पडलं पोराचं, मी पाहिलं.

परवा राग्नफ्रीदचा पुन्हा फोन:
आता तो कुठली तरी दुसरी दोन बटणं
एकत्र दाबून बघतोय.