एका पायाचा मोर

खोकं उघडलं, तर आत पुस्तक नव्हतं.
तळाशी हात घालून पाहिला, थर्मोकोल झटकला,
एक चिठ्ठी निघाली, पोस्टकार्डाएवढी,
तिच्यावर तीन चित्रं आणि एक बाण.

"एवढंच असतंय ताता," विहिता म्हणाली
आणि क्लासला निघून गेली.

कन्ना चौकापाशी वंगारींच्या कारखान्यात
मी सव्वीस वर्षं जकार्डचे पत्ते ठोकले.
ग्राफच्या चौकटी मोजायच्या, पुठ्ठ्याला भोकं पाडायची.
भोक, तर दोरा वर.
भोक नाही, तर दोरा खाली.
पहिली दोन वर्षं उस्तादानं नुसतं मोजायलाच बसवलं,
चुकलो की फूटपट्टी, उभी.
यंत्र शिकायचं तर आधी अंग दुखायला पाहिजे
असं मला वाटायचं.
अजून थोडं वाटतं.

म्हणून त्या चिठ्ठीकडे मी संशयानंच पाहिलं.

वायरचं टोक उलटं की सुलटं, विचारात पडलो,
ते दोन्ही बाजूंनी बसतंय.
माऊसची वायर शोधायला टेबलाखाली वाकलो,
कंबर धरून वर आलो, तर पडद्यावरचा बाण
माझ्या हाताबरोबर हललेला.
प्रिंटर तिकडं फळीवर, शेंगाचटणीच्या बरणीशेजारी.
दोघांची ओळख मी करून दिली नव्हती.
तरी पडदा म्हणाला, सापडला.

मग त्यानं विचारलं, भाषा कुठली?
यादीत मराठी होती. तेलुगूही होती.
एक बाजारातली, एक चुलीपुढची.
मी मराठीवर दाबलं
आणि जरा वेळ आईची आठवण येत राहिली.

चौथ्या दिवशी चौकटी सापडल्या.
हिशेबाचा कागद म्हणे,
पण रिकाम्या चौकटी मला हिशेबाच्या दिसेनात.
एकेक घर काळं करत गेलो.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, पंखा गरम वारा ढकलतोय,
आणि हात आपोआप मोराच्या मानेवर आलेला.

तिथं चुकलो. एक घर जास्त.
बोट थांबलं. पाठीला घाम.

एक्क्याऐंशी साली पायाची एक उभी ओळ
मोजायची राहून गेली होती.
कळलं तेव्हा चाळीस चादरी विणून झालेल्या,
चाळिसांवरही मोर एका पायावर.
मालक ओरडले नाहीत.
सात आठवडे पगारातून कापत राहिले, गप्प.
चादरी गड्ड्याच्या जत्रेत निम्म्या भावानं गेल्या.
कुठं बार्शीला, कुठं गुलबर्ग्याला
त्या पांघरून माणसं म्हातारी झाली असतील,
कुणी पाय मोजले असतील, नसतील.

"दोन बटणं दाब. ही, आणि ही."
विहिता मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

चूक गेली.
पुठ्ठ्यावर खळीनं डकवलेलं ठिगळ नाही,
खरवडल्याची खूण नाही.
मी मुद्दाम चुकलो. दाबलं. गेली.
पुन्हा चुकलो. पुन्हा गेली.
"काय करायलाव ताता?"
मला राग आला होता,
कुणाचा, ते सांगता येईना.

रात्री बंद करायला गेलो तर पडद्यानं विचारलं,
काम जपून ठेवायचं का?
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
हो वर दाबलं.

सोलापूरची धूळ. झाकायला काहीतरी पाहिजे.
कपाटाच्या तळातून चादर काढली,
चाळिसातली एक,
त्या वेळी पैसे मोजून मीच घेतलेली.
कडेनं विरलीय, रंग मात्र पक्का.
पडद्यावर घातली, तशी मोराची मान सरळ झाली.

"ताता, ह्याला पाय एकच?"

"उभा आहे न?" म्हटलं,
आणि दिवा मालवला.