खिळे

राजारामपुरीत लाईट गेली,
स्क्रीनवरचं वर्तुळ विझायच्या आत
आकडा वहीत उतरवला:
एकोणीस हजार आणि काही.

बाकीच्या आमऱ्या दीड लाखाच्या आसपास.
सीतेची वेणी घ्या, जांभळीवर लोंबणारी.
तिच्या हरितलवकात जवळपास सगळं शाबूत,
दोनचार ओळी तेवढ्या खोडलेल्या.
उन्हाचं अन्न करायची कृती,
आणि एक लांब मजकूर दोनदा,
एकदा सुलट, एकदा उलट,
त्याच्या कडा पिढ्यान्‌पिढ्या इकडेतिकडे सरकणाऱ्या.

उलट्या मजकुराचं मला नवल नाही.
मी जुळाऱ्याची मुलगी.
शाहूपुरीत आण्णांच्या मांडीशी बसून
आधी उलटं वाचायला शिकले, शाळेत मग सुलट.

ही एकोणीस हजारवाली
दाजीपूरच्या पाचोळ्यात बयाजी लांबोरांनी दाखवली.
पान नाही. हिरवा ठिपका नाही.
पाणी घातलेल्या दुधाचा रंग.
"आठ दिसांची पाव्हणी," ते म्हणाले,
"ही रांधत न्हाई. बुरशीच्या घरी जेवती."

मग कृती कशाला?
कुणी फाडली नाही.
वाचायची गरज सरली,
चूक झाली तर कुणी दुरुस्त करेना,
ओळ गेली, मग ओळीची जागाही मिटली.

ऑफसेट आला तेव्हा आण्णांनी
खिळे किलोवर काढले.
आधी मथळ्यांचे जाड, मग जोडाक्षरं,
मग शिशाचा भाव चढला त्या आठवड्यात
उरलेलं बहुतेक.
एक केस खाटेखाली ठेवली.
"ह्यात काय छापून हुतंय?" आई म्हणाली.
"काय न्हाई. पण छापखाना हाय म्हणता येतंय."

आज उरलेल्या तिसेक जनुकांची नावं लिहिली.
बहुतेक यंत्राचीच:
वाचायला लागणारी, जुळवायला लागणारी.
छापखाना चालू ठेवायला लागतो
तेवढाच छापखाना.
आणि कोपऱ्यात दोनतीन,
ज्यांच्यावाचून पेशीचं काहीतरी अडतं.
नेमकं काय, ते मला अजून सांगता येत नाही.

रात्री केस ओढली.
आण्णा झोपेत कुशीवर वळले.
काने निघाले, वेलांट्या, अनुस्वार,
एक पाय मोडका र.
शब्द एकही होईना.
बोटं मात्र काळी झाली.