मागच्या रांगेतला

पारोळ्याची वरात उरकून अमळनेरला पोचलो तेव्हा दोन वाजले होते.
पैलाडला बोरीची वाळू अजून गरम.
टोप्या खुंटीला, लाल कोट तारेवर,
पाठीवर वाळलेल्या घामाचे पांढरे नकाशे.
सुपडूमामानं वरण-बट्टीचा डबा उघडला,
शेवटची पंगत उठल्यावर वाढपी देतो तो,
घोटलेली वांगी तळाशी, बोट बुडेल एवढीच.

मी मोबाइल युफोनियमच्या पेटीला टेकवला.
पिच्चर काळा-पांढरा, अमेरिकेचा,
माझ्या आजोबाला मिसरूड फुटायच्या आधीचा.
नावाजलेला नाही. कोणी त्याचं नाव घेत नाही
म्हणून सापडायलाही उशीर झाला.

गोष्ट? असेल काहीतरी.
एक हॉटेल बुडायला आलेलं, एक पोरगी रुसलेली,
एक जाडा माणूस सारखा चुकीच्या खोलीत शिरतो.
इंग्रजी आम्हाला येत नाही. रुसवा येतो.

पण मागे बॅण्ड!
सोळा माणसं, पांढरे कोट, एकही डाग नाही,
ट्रम्पेटवाले एकदम उठतात, एकदम बसतात,
आणि ढोलाच्या आधी अर्धी मात्रा थांबून
सगळा हॉल असा झुलतो
की मामाच्या हातातली बट्टी वरणात पडली.

मग मधेच, कारण नसताना,
जिन्यावरून दोन काळे नाचणारे उतरले.
तीन मिनिटं. बुटांच्या टाचांनी त्यांनी
पायरी न् पायरी बोलती केली,
हवेत उलटले, हसले, गेले.
पुढच्या सीनमध्ये त्यांची कोणाला आठवणही नाही.
ते कोणाशी बोलले नाहीत, कोणी त्यांच्याशी नाही.
तेवढा तुकडा कापला असता
तरी कुठं टाका उसवला नसता.

मामा डब्याकडे बघत म्हणाला,
“जेवाले दिधं व्हई का रे त्यास्ले?”

मी काही बोललो नाही.
पलीकडे भुसावळकडची मालगाडी निघत होती, संपेचना.

“मांगे ले,” मामा म्हणाला.
“तिना खांदा दिखस ना, तठे.”
हिरॉइनच्या खांद्यामागे, डावीकडून तिसरा,
क्लॅरोनेटवाला. दीड सेकंद.
मग कॅमेरा तिच्या पायांवर, मग झुंबरावर.
“मांगे ले.”
अकरा वेळा घेतला.
टक्कल पडत आलेला, कॉलर घट्ट,
नजर हॉलच्या दाराकडे.

“हाऊ वाजाडत नही शे,” मामा म्हणाला.
“सोंग करी ऱ्हायना. बोटं देख.”

खरंच. सूर वर चढत होता
आणि त्याची बोटं खाली येत होती.
“मंग वाजाडस कोन?”

तो तर पिच्चरमध्येच नव्हता.
मागच्या रांगेच्याही मागे,
कुठल्या तरी बंद खोलीत, गंजीफ्रॉकवर,
पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो.
हे मी आपलं मनानंच ठरवलं.

बॅटरी चार टक्के.
पुढे लग्न झालं असेल त्यांचं, हॉटेल वाचलं असेल.
मामानं मोबाइलचा आवाज पार बंद करायला लावला,
रीड जिभेवर ओली केली
आणि शेजारच्या म्हशी उठणार नाहीत इतक्या हळू
वाजवायला लागला.
ते गाणं नाही.
त्या टकल्याच्या बोटांनी जे दाबलं होतं, ते.

पाचच सूर. कुठल्या रागात बसेनात.
दिवसभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून
परतताना, टेम्पोत, कोणी सांगितलेलं नसताना
माणूस ओठातल्या ओठात काहीतरी म्हणतो
तसं.

मामानं ते परत वाजवलं,
मग डबा विसळायला नळावर गेला.
उद्या धरणगाव. साडेआठची हळद.