चार दिवसांचं घर

रात्रपाळीत, तीनच्या सुमारास,
वॉर्डातले अठ्ठावीस बेड मोजून झाले
की मी फोनवर दुसरे बेड मोजते.

गारखेड्यात दोन खोल्या, हॉलमध्ये सोफा-कम-बेड.
सिडकोत तीन, पण चौथा मजला, लिफ्ट नाही.
एकानं लिहिलंय, खिडकीतून डोंगर दिसतो.
दिसत असेल, समोरची बिल्डिंग उठायच्या आधी.
समर्थनगरात सगळं आहे, आणि भाडं ऐकून
व्यंकटराव म्हणाले,
"चार दिवस राहायचंय का विकत घ्यायचंय?"

फोटोत सगळ्या चादरी पांढऱ्या.
पांढऱ्या चादरीचं मला कौतुक नाही.
कोपरे कसे मारलेत तेवढं बघते
नि पुढं सरकते.

मागं गेलो तेव्हा निवडायचं असं काही नव्हतंच.
पैठणगेटजवळ लॉजची एक खोली,
एका पलंगावर लेकरं आडवी,
चौघांत दोन सोलापुरी चादरी.
शर्वरी सात वर्षांची. सुयश चारचा,
मकबऱ्यात रडून रडून झोपलेला,
बुटासकट उचलून आणला होता यांनी.
आता त्याच्या एका बुटात
माझे दोन्ही पाय मावतील.

आता ज्याची त्याची अट.
शर्वरी पुण्याहून:
"आई, माझ्या खोलीला आतून कडी पाहिजे."
कामून गं, ओठावर आलं होतं.
गिळलं. वीस वर्षांची आहे.
रात्री कुणाशी तरी हळू बोलते,
भिंतीकडं तोंड करून हसते,
आणि ते मला माहीत नाही
असं आमचं दोघींचं न बोलता ठरलंय.

सुयशला गॅलरी पाहिजे, नेट पाहिजे
आणि दहाच्या आत कुणी उठवायचं नाही.
यांना पार्किंग. खाली दूध मिळतं का, तेही यांनाच.
मला काय पाहिजे, कुणी विचारलं नाही;
विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटी खडकेश्वरचे बशीरभाई.
सकाळी ड्यूटी सुटल्यावर
बसस्टँडसमोर चहा घेत फोन लावला.
कड्या विचारल्या. गॅस. गच्ची.
पाण्याचं खोदून विचारलं, कारण त्या शहरात
नळ पाहुण्यासारखा येतो, आठवड्यातून एकदा,
आणि जाताना सांगत नाही.
"पानी का टेन्शन नक्को लेव भाभी,
टँकर है, टाकी है, बोअर है."
मग जरा थांबून, चूक कबूल केल्यासारखे,
"बस, बाथरूम एकीच है."

तीन खोल्या, तीन कड्या,
बाथरूम एकच.

चहाचा ग्लास तसाच हातात धरून मी बघितलं:
सकाळ. शर्वरी आत, केस धुतेय.
सुयश दारावर थापा मारतोय,
अर्धा तास झाला, झोपलीस का आत!
हे खांद्यावर टॉवेल टाकून
उभ्या उभ्या कालचा पेपर वाचताहेत.
बोळ अरुंद. तोंडं न धुतलेली.
सगळे एकमेकांवर वैतागलेले,
आणि मी, जिला घाई नाही,
साबणाची डबी घेऊन उगाच रांगेत.

"चालेल," म्हटलं. "बुक करा."

घरी सगळं सांगितलं. कड्या, गॅलरी, पार्किंग,
दूध कोपऱ्यावर मिळतं.
बाथरूमचं तेवढं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी बशीरभाईंचाच फोन.
चाव्या दोनच हैं भाभी,
घर के लोगां साथ-साथच फिरते ना?

लेकरं मोठी आहेत, म्हटलं.
अजून दोन करून घ्या.
पैसे मी देते.