समासात

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज दिवसाकाठी दोन तास यायची,
तीही कुठले दोन, ते कुणालाच ठाऊक नसायचं.
आम्ही ओव्हरकोट घालून वर्गात बसायचो
आणि कालांदिया सर नद्यांविषयी बोलायचे,
तोंडातून वाफ काढत, भराभर,
थांबले तर गोठतील अशा घाईनं.

ओतियाला ऐकू यायचं नाही.
लहानपणी तापात कान गेलेले.
ऑफिसातल्या बाईंनी मला दोन कार्बन दिले,
म्हणाल्या, तुझं अक्षर बरं आहे, तू लिही,
खालची प्रत त्याला.

मी लिहिलं. सगळं लिहिलं.
सरांचा खोकला तेवढा सोडून एकूण एक शब्द.
तासाला नऊ पानं.
बोटं आखडायची, आणि आज काय शिकवलं
असं कुणी विचारलं तर
डोकं पुसलेल्या फळ्यासारखं.

दुसऱ्या दिवशी त्याची प्रत परत आली.
समासात पेन्सिलीनं, बारीक:
"हे का?"
त्याखाली: "कशावरून?"
सहाव्या पानावर: "हे वाक्य तुला कळलं का?"

राग आला. फुकटची प्रत, वर उलटतपासणी.
रात्री रॉकेलच्या स्टोव्हपाशी तावातावानं वाचायला बसले,
उत्तर त्याच्या तोंडावर फेकायचं म्हणून.
मला ते वाक्य कळलेलं नव्हतं.
अक्षर माझंच होतं.

मग हात जरा मागे ठेवायला शिकले.
सर बोलायचे, मी त्यांच्याकडे बघायचे,
पेनाला टोपण.
ते श्वास घ्यायला थांबले की
दोन ओळी, माझ्या शब्दांत. एक बाण.
नदीच्या वळणाचं वेडंवाकडं चित्र.
आणि सुटलं तिथं सरळ कबुली: इथं मला समजलं नाही.
नऊची तीन पानं झाली.
कार्बनही पुरला. बाजारात तो मिळत नव्हता,
आईनं एकदा सहा अंडी देऊन आणलेला.

गुरुवारी मागच्या आठवड्याचं काढायचो,
पांढऱ्या पुलावर, कठड्याला टेकून.
तो माझी वही मिटायचा, कोरा कागद पुढे करायचा,
भुवया उंचावायचा.
निम्मं यायचं.
उरलेल्यासाठी मी खाली बघायचे:
वेग उतरला की रिओनी आधी गोटे टाकते, मग वाळू,
गाळ अगदी शेवटी.

फेब्रुवारीत पानाच्या कडेला त्याचा प्रश्न:
"मंगळवारी सगळे हसले. का?
ते तू लिहिलं नाहीस."

आठवून पाहिलं. आठवेना.
अभ्यासाचं नव्हतं म्हणून गाळलेलं.
नातेलाला विचारलं, तिलाही नाही.
शेवटी सरांनाच गाठलं. ते गोंधळले,
मग म्हणाले, "टोपी उलटी घातली होती बहुतेक मी."

तेव्हापासून पानाच्या डावीकडे एक अरुंद रकाना.
खिडकी आपटली.
बादरी घोरला, सर बोलत राहिले.
सर मुलाचं नाव घेता घेता थांबले.

याचा परीक्षेला उपयोग शून्य, असं मला वाटायचं.
जूनमध्ये तिसरा प्रश्न वाचला आणि काहीच सुचेना.
मग ती खिडकी आपटली,
आणि तिच्यामागून ओळ आली, आख्खी, चित्रासकट.

वरच्या प्रती माझ्याकडे आहेत अजून.
निळं अक्षर, स्वच्छ, कुठं डाग नाही.
प्रश्न सगळे खालच्या प्रतीवर होते.